वसंतभाऊंच्या शेतापुढची ओंजळ

कापसाचं चित्र फोनमध्ये नाही, हा माझा या दुनियेवरचा पहिला राग. खेकड्याचं चित्र आहे, बर्फावरून घसरणाऱ्या माणसाचं आहे, उंटाची तर दोन-दोन आहेत, एका वशिंडाचा वेगळा आणि दोन वशिंडांचा वेगळा. आणि ज्याच्या जिवावर लोक अंगात कपडे घालून हिंडतात, त्याचं एक बोंड काढावं असं कोणाला वाटलं नाही. म्हणून मायच्या ग्रुपचं नाव मी ठेवलं ते तीन ढग, ☁️☁️☁️. ढग म्हणजे कापूस, हे त्या ग्रुपमधल्या एकाही बाईला समजावून सांगावं लागलं नाही. माझी नात आता म्हणते, आजी, तुमच्या वेळची ती चित्रं किती बाळबोध होती गं. असतील बाळबोध. त्या बाळबोध चित्रांनी आमच्या गावातल्या भल्याभल्यांची झोप उडवली होती, म्हणून मी ही गोष्ट लिहायला बसले आहे, आणि कोणाला झोंबली तर झोंबो.

माझी माय कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम होती. गाव आमचं दारव्हा तालुक्यातलं. घर म्हणजे टिनाखालच्या दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात बाबांची काळी-पिवळी जीप. बाबा त्या जीपनं गाव ते दारव्हा सवाऱ्या न्यायचे. सकाळ व्हायची ती दोन आवाजांनी: आत मायचा भाकर थापायचा थप-थप, आणि बाहेर सुरू व्हायला नकार देणाऱ्या जीपची खोकल्यासारखी घरघर. बाबा जीपला शिव्या द्यायचे, माय चुलीला. मग माय ज्वारीच्या भाकरी, वर ठेचा आणि आंबाडीची भाजी फडक्यात बांधायची, एक गाठ मारायची, आणि दुसरी गाठ मारता मारता फोनकडे बोट दाखवायची. "पोरी, पाह्य बरं कोन काय म्हनून राह्यलं." कारण माय शाळेत गेली नव्हती, आणि टोळीतल्या निम्म्याहून जास्त बायाही नाही. फोन मात्र सगळ्यांकडे होते, पोरांनी वापरून टाकलेले, काच तडकलेले, मागं रबर लावलेले.

आधी आम्ही आवाजाचे मेसेज करून पाहिले. ते पंचफुलामावशीमुळे बंद पडले. पंचफुलामावशी म्हणजे मायची जिवाची मैत्रीण, आमच्याच वस्तीतली, हसायला लागली की दोन घरं पलीकडे ऐकू जायची. तिनं एकदा भर जीपमध्ये मायचा मेसेज लावला, फोन कानाशी न धरता हातात धरून. "त्याच्या वावरात जाऊ नोका व बायांनो, तो काट्यात लबाडी करते," असा मायचा खणखणीत आवाज निघाला, आणि 'तो'चा सख्खा भाऊ समोरच्या सीटवर बसला होता. बाबांना त्या दिवशी जीप अर्ध्या रस्त्यात थांबवून हात जोडावे लागले. घरी आल्यावर मायनं फर्मान काढलं, यापुढं आवाज नाही. मग राहिली चित्रं.

लोकांना वाटतं चित्रं मी ठरवली. छे. मी फक्त बोटं चालवायची, डोकं त्या बायांचं. ग्रुपवर गावातल्या वावरांची एक यादी होती, एकेका मालकाच्या नावापुढं त्याच्या वावराची चित्रं. एकट्या चित्राला आमच्याकडे काही किंमत नव्हती, अर्थ जोडीला होता. नुसतं झाड म्हणजे झाड. पण 🌳👶 म्हणजे त्या वावरात झोळी बांधता येईल अशी फांदी आहे, लेकरू घेऊन या. ☕☕ म्हणजे चहा दोनदा. 🌶️👄 म्हणजे मालकाची जीभ तिखट. 🐕🏃‍♀️ म्हणजे कुत्रं मोकळं असतं. ⚖️🐒 म्हणजे काट्यात माकडचाळे. 👴🏽👀 चा अर्थ मी सांगत नाही, ज्या बाईनं जन्मात एकदा तरी शेतात काम केलं आहे तिला तो कळला. मालकानं कधी नुसते जोडलेले हात पाठवले, 🙏, तर तो नमस्कार नसायचा, 'यंदा तुम्हाला बोलवत नाही' असा अर्थ. आणि आमच्या बाबांचा अंगठा, 👍, म्हणजे मेसेज वाचलेलाच नाही. हे अर्थ कोणत्या पुस्तकात नव्हते, पण आमच्या गावात चुकले असतील तर शपथ.

आता वसंतभाऊ. गावातलं सगळ्यात मोठं कापसाचं वावर त्यांचं, आणि गावातली सगळ्यात गोड जीभही त्यांची. मी आजही त्यांना अहो-जाहोच लिहिते आहे, आमच्या घरची रीत तशी. त्यांच्या वावरात मोठा निंब, निंबाखाली वाळूत रोवलेला माठ, माठावर झाकणी, झाकणीवर घासूनपुसून लख्ख केलेला स्टीलचा गिलास. पाणी असं थंड की दात सळसळावेत. मी अकरावीला होते, दारव्ह्याच्या कॉलेजात जायची, आणि सुट्टीच्या दिवशी मायसोबत वेचायला. त्या वर्षी पहिल्यांदा मी त्यांच्या वावरात गेले. दुपारी बाया पाण्याला आल्या. टोळीत सगळ्या जातीच्या बाया होत्या. शांताकाकू कुणब्याची, जमीन नसलेली, तिनं गिलास उचलला, माठात बुडवला, प्यायली, झाकणीवर ठेवून दिला. मग माय, पंचफुलामावशी आणि आमच्या वस्तीतल्या बाकीच्या पुढं झाल्या. आम्ही बौद्ध. वसंतभाऊंनी गिलास बाजूला सारला, पाण्यानं भरलेला गडवा घेतला आणि वरून धार धरली. "घ्या माय, पोटभर प्या, लाजू नका." आणि माझी माय, जिच्या एका हाकेवर बारा बाया ओळ धरायच्या, ती वाकून, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी नेऊन पाणी प्यायला लागली. पाणी कोपरांवरून ओघळलं, पोलक्याच्या बाह्या भिजल्या. मी त्या दिवशी तहानलेलीच घरी आले.

घरी आल्यावर मी भांडलेच. माय चुलीपुढं बसली होती, वांग्याच्या भाजीला फोडणी देत. मी म्हटलं, "तू काहून पेली तसं?"

"तहान लागलती म्हनून."

"गिलास होता तिथं."

"मंग काय भांडू त्याच्यासंग? पानी तं देते ना तो. लोकं तेबी नाई देत."

"शांताकाकूले गिलास आन तुले ओंजळ?"

मायनं फोडणीत वांगी टाकली, चर्र आवाज झाला. मग म्हणाली, "हे तुले आज दिसलं. मले लगीन होऊन आल्यापासून दिसून राह्यलं." मी फोन घेतला. वसंतभाऊंच्या वावरापुढं आतापर्यंत काहीच नव्हतं. मी थेंब टाकला, आणि थेंबाशेजारी दोन उघडे तळवे, 💧🤲. मायला दाखवलं. तिनं हात पुसून फोन लांब धरून पाहिला. "हे खोटं हाये का?" मी विचारलं. "खोटं नाई," ती म्हणाली. "मंग राहू दे?" तिनं पळी हलवली. "राहू दे," म्हणाली. ग्रुपवर पंचफुलामावशीनं तेच दोन तळवे परत पाठवले, आणि मग आमच्या वस्तीतल्या एकेका बाईनं.

पुढच्या हंगामापर्यंत आमची चित्रं गावभर झाली. कोणी बाहेर काढली ते मला आजवर कळलेलं नाही, पण मजा काय झाली, मालक आपापली चित्रं पाहायला लागले. कुत्र्यावाल्यानं कुत्रं बांधलं. एकानं गपचूप काटा बदलला. मिरचीवाल्याच्या बायकोनं मायला देवळाजवळ गाठून विचारलं, "ती मिर्ची आमची हाये का व, सुनंदा?" माय म्हणाली, "तुमाले काय वाटते?" आणि चालू पडली. वसंतभाऊंनीही पाहिलं. बाकी कोणापुढं माकड, कोणापुढं मिरची, आणि त्यांच्यापुढं स्वच्छ पाण्याचा थेंब आणि त्याखाली पसरलेले दोन हात. माणूस इतकी वर्षं वरून पाणी ओतत होता, त्याला त्यात वावगं असं काही कधी दिसलंच नव्हतं, मग चित्रात कसं दिसावं? त्यांना वाटलं, बाया आपल्याला दानशूर म्हणतात. त्यांनी ती जोडी आपल्या स्टेटसला लावली, मागं पांढऱ्याशुभ्र वावराचा फोटो ठेवून.

एवढ्यावर राहिलं असतं तर आम्ही पोटात हसून गप्प बसलो असतो. पण आली सीतादही. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी वावरात पाच खडे मांडतात, हळद-कुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, थोडा ओळींत शिंपडतात आणि मग वेचणाऱ्या बायांना पळसाच्या पानावर वाढतात. ती सीतादही. आम्ही पूजेला उभं राहत नसू, पण दहीभाताशी आमचं काही वाकडं नव्हतं. तर वसंतभाऊंनी अख्ख्या गावाच्या ग्रुपवर आवतण टाकलं: "उद्या आपल्या वावरात सीतादही. सर्वांनी यावे. ☁️🍚💧🤲".

पंचफुलामावशी तेव्हा आमच्याकडेच बसली होती, तांदूळ निवडत. मी वाचून दाखवलं आणि ती सूप बाजूला ठेवून हसायला लागली. "व माय व! सोताच सांगतलं, व माय!" तिचं हसू थांबेना. मग फोन वाजायला लागला. टोळीतल्या बायांनी गावाच्या ग्रुपवर हसणारी तोंडं टाकली, एकीनं टाकली म्हणून दुसरीनं, डोळ्यातून पाणी येणारी, आडवी पडलेली, 😂🤣😂. ज्यांना काही कळलं नव्हतं त्या पुरुषांनीही टाकली. वसंतभाऊंनी विचारलं, "हसण्यासारखे काय झाले?"  सगळे आपापल्या घरात फोन धरून बसलेले, मला ते इथून दिसत होतं. मायचा नंबर त्याही ग्रुपात होता आणि फोन माझ्या हातात होता. मी लिहिलं: "भाऊ, थेंब वरून पडतो. हात म्हणजे आमची ओंजळ. तुमच्या माठावर गिलास आहे, तो आम्हाला मिळत नाही. हा त्याचा अर्थ. करुणा, सुनंदाची मुलगी." आणि पाठवून दिलं. नाव टाकलं, कारण बिननावाचं बोलायला मला लाज वाटली असती.

 हसणारी तोंडं बायांनी एकेक करून मागं घेतली, हा मेसेज काढून टाकलाय, तोही काढून टाकलाय. बाबा तिन्हीसांजेला आले ते जीप बंद करून तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "आज गाडीत कोनी बोललं नाई माह्यासंग." पाठोपाठ वसंतभाऊ आले. अंगणातल्या खाटेवर बसले. मायनं रीतीप्रमाणे पाण्याचा गिलास आणून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आवाज तसाच गोड होता.

"सुनंदा, मी कधी तुले अरे-कारे बोललो का?"

"नाई भाऊ."

"कधी तहानलेलं ठेवलं?"

"नाई."

"मंग हे गावात काय चालवलं तुह्या पोट्टीनं? शिकली म्हनून एवढं? उद्या सीतादहीले समदे येतीन. तिथं तिनं उभं राहून माफी मागाची, आन ते चित्र काढाचं. नाई तं यंदा एकाबी वावरात तुही टोळी जानार नाई. मी चार जनाइले बोलूनच इकडं आलो."

मी दारात उभी होते. म्हटलं, "भाऊ, पाणी घ्या ना. समोरच ठेवलंय." ते म्हणाले, "आत्ताच पेलो." मी म्हटलं, "आम्हीपण तेच म्हणायला पाहिजे होतं." बाबा ओरडले, "चूप बस!" वसंतभाऊ उठले. माय त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाली, "उद्या येतो आमी भाऊ. तिथंच बोलू."

त्या दिवशीचं जेवण मला आठवतं. भाकर, झुणका आणि कांदा. बाबा वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. म्हणाले, "बारा घरच्या चुली हायेत सुनंदा. तुह्या एकलीची टोळी नाई ते. दोन शब्द म्हनून टाकन पोरगी तं काय झडते तिचं?" आणि माझ्याकडे हात पुढं केला, "फोन दे इकडं." मायनं फोन उचलला आणि पोलक्यात खोचला. "चुली माह्या ध्यानात हायेत," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू उद्या माफी मागशीन का?" मी म्हटलं, नाही. "टोळी बसून राह्यली तं?" माझ्या डोळ्यात पाणी आलं, रागानं आलं, पण मी म्हटलं, तरी नाही. ती म्हणाली, "जेव मंग."

सकाळी वावरात जत्रा. सीतादहीला एरवी मालकाचं घर आणि वेचणाऱ्या बाया असतात, त्या दिवशी धुऱ्यावर, वावराच्या कडेला, मोटरसायकलींची रांग लागली होती. वावर नुसतं पांढरं, बोंडं फुटून लोंबत होती, आणि आभाळाच्या एका कोपऱ्यात खरे ढगही होते, फुटलेला कापूस भिजला की मातीमोल. पूजा झाली, दहीभात वाटला. बाया पानं हातात धरून बसल्या, खाईना कोणी. वसंतभाऊंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मला बोलावलं. मी पुढं गेले. माझा घसा असा कोरडा की जीभ टाळूला चिकटलेली. ते त्यांनाही दिसलं असावं. म्हणाले, "घाबरू नको. आधी पानी पे, मंग बोल." आणि सवयीनं, शप्पथ सांगते, निव्वळ सवयीनं, त्यांनी गडवा उचलला आणि वरून धार धरली.

मी हात मागं बांधले.

पाणी माझ्या पायांवर पडलं, मातीत गेलं. ते क्षणभर ओततच राहिले, त्यांना कळलंच नाही की खाली ओंजळ नाही. मग गडवा सरळ केला. कोणी हसलं नाही. माय उठली. पळसाचं पान खाली ठेवलं, पदरानं हात पुसला, निंबाखाली गेली, गिलास घेतला, माठात बुडवला आणि ओठाला लावून गटागटा सगळा प्यायली. मग पुन्हा भरून माझ्यासमोर धरला. एवढं थंड पाणी मी जन्मात प्याले नाही. पंचफुलामावशी प्यायली. आमच्या वस्तीतली एकेक बाई प्यायली. धुऱ्यावरून कोणीतरी म्हणालं, "आता फेकून द्या तो गिलास." तेव्हा शांताकाकू उठली. ती कधी तोंड वर करून बोललेली बाई नव्हती, आणि घरी जाऊन तिला जाब द्यायचा होता, आमच्यापेक्षा जास्त. तिनं पंचफुलामावशीच्या हातातून तोच उष्टा गिलास घेतला, न विसळता माठात बुडवला आणि प्यायली. "फेकता कायले?" ती म्हणाली, "चांगला हाये." माय वसंतभाऊंकडे वळली. "भाऊ, झाली आमची माफी. वेचाचं का जाचं, सांगा." त्यांनी वावराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मोटरसायकलला किक मारली आणि निघून गेले. मायनं कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधली आणि पहिली ओळ धरली.

दुसऱ्या दिवशी माठ होता, गिलास नव्हता. मायनं जीपमधून उतरूनही पाहिलं नाही, बाबांना म्हणाली, "वापस घ्या गाडी." आणि बाबांनी, ज्यांनी दोनच दिवसांपूर्वी फोन मागायला हात पुढं केला होता, त्यांनी हॉर्न असा दाबून धरला की वसंतभाऊंच्या घरापर्यंत ऐकू जावा, आणि गाडी वळवली. ते चार जण, ज्यांच्याशी वसंतभाऊ बोलून आले होते, त्यांच्यातल्या दोघांनी त्याच दिवशी टोळीला बोलावलं. ढग आलेले असताना कापूस कोणाच्या इज्जतीसाठी थांबत नाही. दोन दिवसांनी वसंतभाऊंच्या माठावर गिलास परत आला, साखळीनं माठाच्या गळ्याला बांधलेला. पंचफुलामावशीला विचारू नका ती किती हसली. पण आम्ही परत गेलो आणि त्यानं प्यायलो, सगळ्या जणी, पूर्ण हंगाम. वसंतभाऊ स्वतः मात्र घरून बाटली आणायला लागले.

पुढच्या वर्षी ते टोळी ठरवायला घरी आले. त्याच खाटेवर बसले. मायनं पाणी ठेवलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग हळूच म्हणाले, "सुनंदा, आता तरी ते चित्र काढाले सांग पोरीले. गिलास तं ठेवला मी." माय म्हणाली, "काढते ना भाऊ, कायले नाई काढत? पानी घ्या." त्यांना कळलं. बराच वेळ गिलासाकडे पाहत राहिले. मग उचलला. मी दारात उभी. त्यांनी मान मागं टाकली, गिलास तोंडाच्या वीतभर वर धरला आणि ओठाला न लावता वरून धार ओतून घेतली. गिलास खाली ठेवला. कडेला एक थेंबही लागलेला नव्हता.

मायनं माझ्याकडे पाहिलं. "राहू दे तसंच," म्हणाली.

आता माय नाही, वसंतभाऊ नाहीत. तो ग्रुप कधीच बंद पडला, आणि मायचा तो फोन माझ्या कपाटात आहे, चालू होत नाही. वसंतभाऊंच्या पतवंडांशी माझ्या नातवंडांचं येणं-जाणं आहे, एका ताटात जेवतात, आणि मला लोक सांगतात, करुणाबाई, सोडा आता, माणूस गेला, वैर गेलं. वैर माझं नव्हतंच कधी. पण तो फोन उद्या जर चालू झाला, तर त्यांच्या वावरापुढं थेंब आहे आणि त्याखाली ओंजळ आहे. मी ती काढलेली नाही.